फाट्यावरचा भरलेला रांजण

दुपारी दीडची एसटी फाट्यावर माणसं उतरवते आणि धूळ उडवत निघून जाते. गाव आत तीन-चार किलोमीटर. हातात पिशव्या, कडेवर मूल, बाटलीतलं पाणी कधीच संपलेलं. अशा वेळी कडुलिंबाखाली लाल फडक्यात गुंडाळलेला रांजण दिसला, तर तो कोणी ठेवला हे कोणी विचारत बसत नाही. ठेवणाऱ्यालाही कोण पिऊन गेलं ते कळत नाही. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी काही करून ठेवावं, याचं इतकं साधं आणि इतकं जुनं रूप आपल्याकडे दुसरं नसेल. म्हणून पाणपोई नीट चालवायची कशी, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

‘नीट चालवायची’ हे मुद्दाम म्हटलं. सुरू करणं सोपं असतं. पाडव्याला नारळ फुटतो, फोटो निघतात, आणि वैशाखात त्याच रांजणाच्या तळाशी चार बोटं गढूळ पाणी आणि वर कोळ्याचं जाळं. रिकामा रांजण हा रांजण नसण्यापेक्षा वाईट. रांजण नाहीच हे ठाऊक असतं, तर त्या बाईने मागच्या गावात बाटली भरून घेतली असती. तिने तुमच्या भरवशावर ती घेतली नाही. पाण्याचं दान म्हणजे हा भरवसा आहे, आणि तो पुरता दोन-अडीच महिने सांभाळावा लागतो.

‘पोई’ हा शब्द संस्कृत ‘प्रपा’वरून आला. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात त्याने तापी, दमणगंगा, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि प्रपा केल्याचा उल्लेख आहे. दोन्ही तीरांवर, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नावेची वाट बघत माणूस अलीकडेही थांबतो आणि उतरल्यावर पलीकडेही दम खातो, हे ज्याने पाहिलं असेल त्यालाच हे सुचतं. अहिल्याबाई होळकरांच्या बाबतीत जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलं आहे की, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी द्यायला त्यांची माणसं रस्त्यांवर नेमलेली असत, आणि महेश्वरच्या आसपास नांगर धरलेल्या शेतकऱ्याला थांबवून त्याच्या बैलांनाही ती माणसं पाणी पाजत. पाणी मागायला यावं लागू नये, ते वाटेतच भेटावं, हा विचार तिथे आहे.

आता कामाचं बोलू. आधी हिशेब, कारण बहुतेक पाणपोया दानत कमी पडल्याने बंद पडत नाहीत. हिशेब न केल्याने पडतात.

उन्हातून आलेला माणूस एका वेळी साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी पितो. काही जण बाटलीही भरून घेतात, आणि घेऊ द्यावी. सांडलवंड धरून माणशी अर्धा लिटर पकडा. आठवडी बाजार नसलेल्या साध्या फाट्यावर दिवसाला तीनशे ते चारशे माणसं पाणी प्यायली तर २०० लिटर लागतात. भांडी विसळायला, फडकी आणि वाळू भिजवायला आणखी ५० लिटर. म्हणजे दिवसाला २५०. पाडवा ते मृग नक्षत्र हा काळ ढोबळमानाने ८० दिवसांचा. एकूण २०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. अख्ख्या उन्हाळ्याचं पाणी एवढंच आहे! हा आकडा कागदावर मांडला की देणगी मागणंही सोपं जातं आणि ‘आपल्याच्याने होणार नाही’ ही भीतीही जाते. अडचण पाण्याच्या प्रमाणाची नसतेच. ते रोज पहाटे रांजणात कोण ओतणार, ही असते.

बाजाराच्या दिवशी मात्र हाच आकडा तिप्पट होतो. लग्नसराईच्या तिथी, यात्रा, जवळच्या शाळेत परीक्षा असेल ते दिवस आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. सकाळी अकराला रांजण रिकामा झाला की खरी गरजेची वेळ, बारा ते चार, कोरडी जाते.

जागा निवडताना लोक वर्दळ बघतात. मी म्हणेन, आधी सावली बघा आणि ती दुपारी तीन वाजता बघा. सकाळी नऊला सावलीत दिसणारी जागा दुपारी भर उन्हात असते. झाड असेल तर उत्तम. पिंपळ, वड, कडुलिंब, चिंच. मात्र फांदीवर बगळ्यांची-कावळ्यांची वसाहत नाही ना, तेही बघून घ्या. वारा खेळता हवा. उघडं गटार, मुतारी, उकिरडा यांपासून चांगलं अंतर हवं. रस्त्याच्या अगदी कडेला नको, कारण पाणी प्यायला थांबलेल्या दुचाकीला मागून ट्रकचा धोका असतो. वळणावर तर नकोच. जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असेल तर साध्या अर्जावर परवानगी घ्या. नाहीतर भर मे महिन्यात अतिक्रमण म्हणून उचलतात.

राखणदार ठरल्याशिवाय मात्र काहीही मांडू नका. नजरेच्या टप्प्यात दिवसभर बसणारा एक माणूस हवा. पंक्चरवाला, चप्पल शिवणारे, सायकल दुरुस्तीवाले, रसवंतीवर बसणाऱ्या आजी. पंक्चरवाल्याला स्वतःलाही पाणी लागतं, त्यामुळे रांजण रिकामा झाला की ते सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात येतं. बाटलीबंद पाणी विकणाऱ्या दुकानदारावर हे काम टाकू नका. तो माणूस चांगला असतो, पण रांजण भरला की त्याची विक्री घटते. त्याला अशा पेचात टाकू नये. राखणदाराला पैसे द्या. पूर्वी पोईवर एखादं वयस्कर माणूस बसायचं आणि त्याच्या जेवणाखाण्याची सोय गाव करायचं. ‘सेवा आहे, पैसे कशाला’ असं म्हणून गरिबाकडून फुकट काम करून घेतलं तर आपल्या दानाचा खर्च त्याच्या माथी मारल्यासारखं होतं.

आता रांजण. मातीचं भांडं पाणी गार करतं ते झिरपून. भिंतीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती सगळी आतल्या पाण्यातून घेतली गेली तर ५८ लिटर पाणी १० अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवाही उष्णता देत असते, म्हणून तेवढं साधत नाही, पण तत्त्व हे आहे. म्हणून हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. अकोल्यात ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर २८च्या खाली ते जाणारच नाही. कोकणात आणि गोव्यात ‘आमचा माठ गार का करत नाही’ अशी कुंभाराकडे तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तिथे भांडं सावलीत आणि वाऱ्यावर ठेवणं एवढंच हातात असतं, आणि स्वच्छ पाणी असलं की तेही पुरतं.

यातूनच पुढच्या सगळ्या चुका समजतात. रांजणावर ऑइल पेंटने ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं ऐसपैस रंगवतात. तेवढी छिद्रं बुजली. नाव पाटीवर लिहा, भांड्यावर नको. चकाकी दिलेला, आतून-बाहेरून गुळगुळीत माठ दिसायला सुंदर असतो, पण तो झिरपत नाही म्हणून गारही करत नाही. रांजण लोखंडी पेटीत किंवा तिन्ही बाजूंनी बंद टपरीत ठेवला तर वारा लागत नाही, आतली हवा दमट होते आणि पाणी कोमट राहतं. आणि चौथी चूक सगळ्यात जास्त होते, ती म्हणजे भर दुपारी तापलेल्या टाकीतलं पाणी रांजणात ओतणं. मोठा रांजण पूर्ण गार व्हायला सहा-आठ तास घेतो. त्यामुळे भरायची वेळ रात्री नऊनंतर किंवा पहाटे. दुपारी भर घालावी लागणार असेल तर भांडी जोडीने ठेवा: एकातलं प्यायला, दुसरं गार होत असलेलं. शंभर लिटरचा एकच रांजण घेण्यापेक्षा चाळीस-चाळीस लिटरचे तीन माठ मला जास्त पसंत आहेत. लहान भांडं लवकर गार होतं, एकट्या माणसाला उचलून धुता येतं, आणि एक फुटलं तरी पोई बंद पडत नाही.

नवा माठ आणला की २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला; त्यांना मातीचा वास येतो. आतून साबण कधीही लावू नका. छिद्रांत शिरलेला साबण आठवडाभर पाण्याला चव देत राहतो. नारळाचा काथ्या आणि गरम पाणी पुरेसं आहे. कडक, क्षाराचं पाणी असेल तर महिन्याभरात बाहेरून पांढरा थर येतो आणि गारवा कमी होतो. तो विटेच्या तुकड्याने किंवा ताठ ब्रशने घासून काढा. तरीही एखाद-दोन उन्हाळ्यांनंतर छिद्रं भरतातच. मग तो माठ धान्याला किंवा झाडाला द्या आणि नवा आणा. पावसाळ्यापूर्वी कुंभाराकडचा माल संपत आलेला असतो, म्हणून एक माठ फुटला तर म्हणून आधीच जास्तीचा घेऊन ठेवावा.

बैठक म्हणून खाली वीटकाम करून त्यात चार-सहा इंच जाड वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. ओल्या वाळूने खालूनही गारवा मिळतो आणि गोल बुडाचं भांडं डळमळत नाही. वाळूत मूठभर गहू टाकले तर आठवड्यात हिरवी कड उभी राहते. ती वाळली की समजावं, वाळू भिजवायला कोणीतरी विसरलं आहे. बाहेरून गोणपाट किंवा सुती फडकं गुंडाळून ओलं ठेवा. लाल फडकं लांबून दिसतं, तेवढाच त्या लाल रंगाचा उपयोग. पाण्यात वाळ्याची जुडी टाकत असाल तर ती स्वच्छ धुऊन, पातळ फडक्यात बांधून टाका आणि चार-पाच दिवसांनी बदला; बुळबुळीत झालेला वाळा पाणी नासवतो.

तोटी बसवायची असेल तर भांडं घेतानाच कुंभाराकडून भोक पाडून घ्या. भाजलेल्या माठाला ड्रिलने भोक पाडताना तडा जातो. भोक बुडापासून दीड-दोन इंच वर हवं, म्हणजे तळाचा गाळ ग्लासात येत नाही. तोटीच्या आत आणि बाहेर रबरी वॉशर हवेत, आणि नट हातानेच आवळा. पान्याने आवळला की माती चिरते. दाबून धरलं तरच पाणी येईल अशी तोटी मिळते, ती घ्या. साधी तोटी कोणीतरी घाईत उघडी टाकतं आणि एवढ्या कष्टाने भरलेला माठ अर्ध्या तासात जमिनीत जातो.

आता सगळ्यात नाजूक भाग, पाण्याची शुद्धता. शंभर माणसांची तहान भागवणारा रांजण शंभर माणसांना जुलाबही लावू शकतो. दूषित पाण्यातले जंतू चांगल्या हेतूने मरत नाहीत.

शक्यतो नळपाणी योजनेचं पाणी घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं घेणार असाल तर आधी चौकशी करा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याचा भाग, किंवा यवतमाळ-चंद्रपूर-नांदेडमधली फ्लोराइड असलेली गावं. तिथल्या बोअरच्या पाण्यातलं मीठ किंवा फ्लोराइड ना उकळून जातं, ना औषध टाकून. जंतूंसाठी सोपी चाचणी म्हणजे एच-टू-एसची बाटली. खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं झालं तर पाणी पिण्याजोगं नाही.

पाणी आधी गाळा. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर, चार ते आठ पदरी घडी करून. नवं कापड नको. धुऊन मऊ झालेल्या सुताचे तंतू पिंजारतात आणि छिद्रं बारीक होतात. बांगलादेशात मतलब नावाच्या भागातल्या खेड्यांत बायकांना असं साडीने पाणी गाळायला शिकवलं होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. आपल्याकडे नारूचा रोग गेला त्यातही पाणी गाळून पिण्याचा वाटा मोठा. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण तुरटीने जंतू मरतात हा गैरसमज आहे. तुरटीनंतरही औषध लागतंच.

औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावात जिला टीसीएल म्हणतात. ताज्या, चांगल्या पावडरीचं प्रमाण स्वच्छ पाण्याला १,००० लिटरला अडीच ग्रॅम. म्हणजे माठ भरण्याआधी पाणी साठवायच्या २०० लिटरच्या पिंपाला फक्त अर्धा ग्रॅम. इतकं कमी मोजता येत नाही, म्हणून लोक अंदाजे चमचाभर टाकतात आणि मग ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून कोणी पीत नाही. सोपी रीत अशी: प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम पावडर कालवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. चुना खाली बसेल. वरच्या निवळीतलं १०० मिलिलिटर २०० लिटरच्या पिंपात टाका, ढवळा, झाकण लावा आणि किमान अर्धा तास हात लावू नका. द्रावण रोज ताजं करा. सोनाराकडचा किंवा किराणा दुकानातला छोटा वजनकाटा एकदाच वापरून पाच ग्रॅम मोजा आणि तेवढी पावडर मावेल असं एखादं झाकण त्या कामाला ठेवून द्या. पाणी गढूळ असेल तर हे प्रमाण पुरत नाही, कारण औषध गाळातच खर्ची पडतं. आधी तुरटीने निवळून घ्या. पावडर ओलसर, गोळे झालेली, वास न येणारी असेल तर तिच्यात दम उरलेला नसतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीचं साहित्य असतं. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळसर रंग आला की क्लोरीन शिल्लक आहे. त्यांना बोलवा. बहुतेक जण आनंदाने येतात, आणि तुमची पावडर जुनी आहे का तेही त्यांना बघताक्षणी कळतं.

औषध पिंपात टाकायचं, माठात नाही. मातीच्या भांड्यात क्लोरीन लवकर उतरतो. म्हणूनच माठातलं पाणी त्याच दिवशी संपवायचं. रात्री उरलेलं झाडांना, आणि माठ पुन्हा भरायचा. पिंपाबद्दल एक ताकीद: बाजारात स्वस्तात मिळणारे जुने निळे ड्रम बरेचदा रसायनांचे असतात. कितीही धुतले तरी ते पिण्याच्या पाण्याला चालत नाहीत. आधी त्यात काय होतं हे खात्रीने कळत नसेल तर घेऊ नका.

आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि त्याची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, काथ्याने घासावी लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून सात दिवसांच्या आत घासलं तर साखळी तुटते. तीन माठ असतील तर रोज आळीपाळीने एकेक घासता येतो आणि पोई एक दिवसही बंद राहत नाही.

पाणी प्यायला द्यायचं कसं, यावर मला थोडं थांबायचं आहे. साखळीने बांधलेला एकच ग्लास, तो प्रत्येक जण रांजणात बुडवतो, ही पद्धत आधी बंद करा. हात रांजणात गेला की वरचं सगळं औषधपाणी फुकट. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं राखणदाराच्या हाती, आणि रांजणावर घट्ट बसणारं झाकण. स्टीलचे बारा ग्लास, एक साबणाच्या पाण्याची बादली, एक स्वच्छ पाण्याची, आणि ग्लास पालथे घालायला जाळी. एवढं जमत नसेल तर ग्लास ठेवूच नका; तोटीखाली ओंजळ आणि बाटली बरी. एक तोटी लहान मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, गुडघ्याच्या जरा वर, बसवा. शाळा सुटल्यावर तिथेच रांग लागते.

ओंजळीत उंचावरून पाणी ओतण्याची आपली जुनी पद्धत स्वच्छतेला चांगली आहे, हे खरं. पण ती तेवढ्यासाठीच आली नव्हती. कोणाला ग्लास द्यायचा आणि कोणाच्या ओंजळीत लांबून ओतायचं, हे जातीवर ठरायचं. आपल्या घरचा हौद १८६८ साली जोतीराव फुल्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही, आणि तरीसुद्धा २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. हे ठाऊक असताना आपल्या पोईवर दोन प्रकारचे ग्लास, किंवा ‘तुम्ही थांबा, मी ओततो’ असा एखाद्यापुरताच आग्रह, चालू देता कामा नये. ओंजळ तर सगळ्यांना ओंजळ, ग्लास तर सगळ्यांना ग्लास. मला तोटी आवडते याचं खरं कारण हे आहे. पिणाऱ्याचा हात तोटीवर असतो, आणि त्याला कोणाकडे बघावं लागत नाही.

बर्फ टाकू नका. लाद्यांचा बर्फ पुष्कळदा मासे आणि माल टिकवण्यासाठी, न पिण्याच्या पाण्यापासून केलेला असतो. अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात आहे तो याचसाठी. विजेचा कूलर कोणी देणगी देत असेल तर आधी विचारा, बिल कोण भरणार, दरवर्षी टाकी कोण साफ करणार आणि अर्थिंग कोण तपासणार. ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी, स्टीलच्या यंत्राला हात लावायचा आहे. गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग नसेल तर तो कूलर नाकारलेला बरा.

पाण्यासोबत गुळाचा खडा ठेवायची आपली रीत फार शहाणी आहे. मात्र गुळाचा डबा पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा, नाहीतर मुंगळे रांजणापर्यंत येतात. राखणदाराकडे ओआरएसची दहा पाकिटं असू द्या. एक पाकीट एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, अंदाजे टाकू नये. आणि कोणी उन्हाने बरळत असेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ला फोन लावा. हे पाच शब्दांत लिहून पोईच्या पाटीवर असावं. कोणा दात्याच्या नावापेक्षा त्या जागेचा तो चांगला उपयोग आहे.

सांडलेल्या पाण्याला वाट काढून द्या. तोटीखाली चिखल झाला की माश्या येतात, गांधीलमाश्या येतात आणि माणसं येईनाशी होतात. एक वीतभर चर खणून ते पाणी झाडाच्या आळ्यात किंवा गुरांच्या दगडी डोणीत सोडा. डोण पोईपासून दहा-पंधरा पावलं लांब हवी, नाहीतर गुरं माठालाच तोंड लावतात. पाखरांच्या पसरट भांड्यात एक दगड ठेवा, म्हणजे पडलेल्या मधमाशीला चढता येतं.

शेवटी पोई उचलायची वेळ. पहिला वळीव पडला की लोक माठ घरी नेतात, आणि तिथेच चूक होते. वळवानंतर चार दिवसांनी आभाळ पुन्हा मोकळं होतं, हवेत ओल राहते, घाम सुकत नाही आणि शेतात पेरणीपूर्वीच्या कामांची घाई असते. त्या दिवसांत पाणी तितकं गार होणार नाही, पण लागेल तेवढंच. मृगाचा पाऊस लागून रस्त्याकडेची माती पूर्ण ओली होईपर्यंत माठ जागेवर राहू द्या. मग काथ्याने घासा, तीन-चार दिवस उन्हात खडखडीत वाळवा आणि पालथे घालून कोरड्या जागी ठेवा. ओले ठेवले तर आतून बुरशी धरते आणि तो वास पुढच्या चैत्रातही जात नाही. वॉशर काढून वेगळ्या डबीत ठेवा. राखणदाराचा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करा, आणि पुढच्या वर्षी बसणार का, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.